तराजू आणि तृप्ति

लठ्ठ मनुष्य दिसला कीं तो खादाड, आणि सडपातळ दिसला कीं तो संयमी व निरोगी, असा निवाडा आपण सुशिक्षित लोकही पंक्तीला बसल्याबसल्या देऊन मोकळे होतों. यांतील दुसऱ्या अर्ध्याचें खंडन आमच्या पुण्यांतूनच झालें आहे.

सन २००४ मध्यें पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो दोघांचाही २२.३. परंतु चरबी युडकिनांच्या अंगांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२!

मोठा सिद्धान्त स्वतःच्याच देहावर, थोड्या विनोदानें मांडणारें हें चित्र आम्हांस फार आवडतें. अर्थात् दोन माणसें म्हणजे पुरावा नव्हे. तो १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासांत सांपडतो. तेथील अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५, तरी पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानानें घटलेली नव्हती.

आमचा आक्षेप निराळाच आहे. चरबी किती, हें चित्र सांगतें. जेवणारा थांबतो कशानें, हें सांगत नाहीं. त्यामुळें खादाडपणाचा आरोप तसाच उरतो. त्याचें उत्तर आंतड्यांत शोधावें लागतें. आंतड्याच्या अस्तरांत विखुरलेल्या कांहीं पेशी अन्नांतील साखर, स्निग्धांश व प्रथिनें ओळखून रक्तांत संप्रेरकें सोडतात. त्यांपैकीं जीएलपी-१ हें इन्सुलिनला चालना देतें, जठर रिकामें होण्याची गति मंद करतें आणि मेंदूस तृप्तीचा निरोप पोंचविण्यास साहाय्य करतें. जठराचा बहुतेक भाग वगळून अन्न पुढें लवकर नेणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेनंतर हें संप्रेरक जेवणानंतर अनेक पटींनीं वाढतें, आणि पुष्कळांची भूक ओसरते. मनुष्य तोच, मग त्याचा संयम काय एका रात्रींत वाढला?

लठ्ठपणाचें सर्व कारण या पेशींतच आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. आहार, श्रम व आनुवंशिकता यांचाही वांटा आहेच. मनोनिग्रहही व्यर्थ नव्हे. परंतु ‘पुरे’ हा शब्द केवळ मनाचा नसून पोटाचाही आहे. म्हणून पंक्तींत लठ्ठ मुलीला टोमणा मारण्यापूर्वीं, आणि सडपातळ जांवयाला ‘तुम्हांला काय होतंय!’ म्हणून आणखी एका जिलबीचा आग्रह करण्यापूर्वीं, यजमानांनीं क्षणभर थांबावें. एकाच पानावर दोन्ही चुका वाढल्या जात आहेत.