‘उचल’ या शब्दाविषयी

शब्दांची पारख हे टीकाकाराचे नित्याचे काम. पण ते बहुधा काव्यनाटकांपुरतेच चालते. आम्ही कोल्हापुरास मंगळवार पेठेत राहतो. दिवाळी सरली की भोवतालच्या शिवारांत बीडकडील टोळ्या उतरतात आणि वृत्तपत्रांतून ‘मुकादम’, ‘कोयता’, ‘खाडा’, ‘उचल’ हे शब्द पुन्हा दिसू लागतात. यांपैकी ‘उचल’ सर्वांत साळसूद.

कचेरीतला कारकून लग्नकार्यासाठी उचल घेतो, ती पगारातून वळती होते, आणि बाकी भरून त्याला नोकरी सोडता येते. ऊसतोड मजुराची उचल निराळी. ती पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादमाकडून मिळते. मग ती फिटेतो त्याच्याच टोळीत ऊस तोडावयाचा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. हत्यारावरून माणसांची मोजदाद करणारी ही परिभाषा बायकोच्या श्रमाला स्वतंत्र नावही ठेवीत नाही. दुखण्याने दिवस बुडाला तर ‘खाडा’, आणि त्याची वजावट. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा जो बोभाटा २०१९ साली झाला, त्यात या खाड्याच्या धास्तीचाही उल्लेख होता. हंगामाअखेर फेड अपुरी पडली, तर बाकी पुढील सालावर चढते.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला साखळदंड लागत नाहीत. आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याची वा हवे तेथे जाण्याची मोकळीक गेली, की ती वेठ. आणि असले कर्ज फेडण्याचे बंधनच तो कायदा नाहीसे करतो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यावरील कामही वेठीतच धरले. करवीरकरांना तर हा शब्द परका नाही. शाहू छत्रपतींनी १९२० साली आपल्या संस्थानात वेठ बंद केली होती.

यावर कोणी म्हणेल, मजूर राजीखुशीने उचल घेतो. दोन मुकादमांकडून पैसे घेऊन एकाकडेही न जाणारे महाभागही आहेत. आहेत खरे, आणि मुकादमही पुष्कळदा कारखान्याच्या पैशांत गुंतलेला असतो. प्रत्येक टोळी वेठीची, असे आमचे म्हणणे नाही. मात्र भर हंगामात, फेड अर्धी राहिली असता, ‘आम्ही गावी जातो’ असे त्या जोडप्याला म्हणता येते काय, एवढे विचारल्याशिवाय ‘उचल’ हा शब्द छापू नये.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि तो अमेरिकेतील निग्रो दासांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांचा विषय निराळा होता. पण उघड्या गोष्टीला उघडे नाव देण्याचा तो निर्भीडपणा आमच्या ग्रामीण कथाकारांत सहसा दिसत नाही. त्यांच्या कथांत कोपीबाहेरची चूल धुमसते, पहाटेच्या दहिवरात पाचट सळसळते, मोळी डोक्यावर चढते. वर्णने सरसही असतात. मुकादमाची वही मात्र त्यांत कोठे उघडत नाही, आणि त्या जोडप्याची सारी गोष्ट तर त्या वहीतच आहे.