मातीचा रंग, मातीचं काम

आज घराच्या नूतनीकरणातल्या 'ग्रामीण' शैलीबद्दल थोडं बोलतो. शेंद्र्यासारख्या ठिकाणी हल्ली फ्लॅटच्या हॉलमध्येही भिंतीला मातीसारखं टेक्श्चर देता येतं, कोनाडा काढून त्यात पणती ठेवता येते. दिसतं छानच. पण मातीच्या घराकडून आपण नेमकं घेतलं काय?

आपल्या मराठवाड्यातल्या माळवदात माती शोभेला नव्हती. जाड भिंती आणि छतावरचा मातीचा थर दुपारचं ऊन चटकन आत येऊ देत नसे. सवण्यातून उजेड येई, धूर जाई. शहरातली पाणचक्की बघा. तिथे वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत, म्हणून ते दालन उन्हाळ्यातही गार. तिथलं देखणेपण कामातूनच आलेलं आहे.

आपण मातीचा रंग घेतला, जाडी सोडली. मग पश्चिमेची भिंत तापते आणि फॉल्स सीलिंगखाली दिवसभर एसी चालतो. शैली कुठलीही घ्या, परदेशी घ्या, माझी हरकत नाही. फक्त रंग ठरवण्याआधी डिझायनरला एवढंच विचारा, की मे महिन्यात दुपारी ३ वाजता, वीज गेलेली असताना, या खोलीत आजीला डोळा लागेल का?