करपा रोगाच्या संदर्भात वनस्पतींतील स्वभक्षण : एक चिकित्सा

महाड व पोलादपूर तालुक्यांत पावसाळी भात हे मुख्य पीक होय आणि करपा हा त्याचा जुना शत्रू. सावित्रीच्या खोऱ्यातील ढगाळ हवा व पानांवर तासन् तास टिकणारा ओलावा ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ या बुरशीस मानवतो. पानांवरील ठिपक्यांपर्यंत रोग थांबला तर पीक सावरते. मानमोडी झाली तर लोंबी पळिंजाची होते. वरकस जमिनीतील नाचणीही याच बुरशीच्या एका प्रकाराला बळी पडते. वनस्पतींच्या रोगप्रतिकारात स्वभक्षणाचे स्थान कोणते, हा प्रश्न या पिकाच्या संदर्भात तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेशी आपल्यातील निकामी प्रथिने व अंगके दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळून रिक्तिकेत नेते आणि तेथे त्यांचे विघटन करून घटकद्रव्ये पुन्हा वापरते, यास स्वभक्षण म्हणतात. ही संज्ञा ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९६३ मध्ये दिली. यीस्टमधील संबंधित जनुकांच्या शोधाबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात शिकवताना ‘स्वभक्षण म्हणजे वनस्पतीचे संरक्षण’ असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. उपलब्ध पुरावा मात्र त्याला पुरेसा आधार देत नाही.

येल विद्यापीठातील दिनेश-कुमार यांच्या गटाने २००५ मध्ये तंबाखूच्या एका जातीत स्वभक्षणाचे जनुक दडपले. तेव्हा मोझॅक विषाणूला रोखण्यासाठी होणारा पेशीमृत्यू संसर्गस्थानी न थांबता निरोगी भागात पसरला. स्वभक्षण येथे मृत्यूला आवर घालणारे ठरले. उलट २००९ मध्ये अॅराबिडॉप्सिसवरील प्रयोगांत काही रोगकारकांविरुद्धच्या पेशीमृत्यूला स्वभक्षणाचा हातभार लागत असल्याचे दिसले. वनस्पती, रोगकारक व पानांचे वय भिन्न असताना यांतील एकच निष्कर्ष सर्वत्र लागू करणे शास्त्रीय ठरत नाही. रोगकारकाची जीवनपद्धतीही निर्णायक असते. जिवंत पेशीवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवाला पेशीमृत्यू मारक ठरतो, तर मृत ऊतींवर पोसणाऱ्याला तो मेजवानीच. करप्याची बुरशी आधी जिवंत पेशीत शिरते व नंतर तिला मारते. म्हणजे तिच्यापुढे दोन्ही नियम अपुरे पडतात. शिवाय रोगकारकही गप्प बसत नाहीत. बटाट्यावरील उशिराच्या करप्याचा जीव आपले एक प्रथिन यजमान पेशीत सोडून तिच्या स्वभक्षणयंत्रणेतील प्रथिनाला जखडतो, हे २०१६ मध्ये दाखवले गेले.

तथापि सर्वांत महत्त्वाची त्रुटी निराळीच आहे. ‘कोणाचे स्वभक्षण?’ हा प्रश्नच बहुधा विचारला जात नाही. पानावर पडलेला बीजाणू रुजून अॅप्रेसोरियम हा घुमटाकार अवयव बनवतो. त्यातील दाब वातावरणाच्या सुमारे ८० पट होतो आणि त्या जोरावर पानाची त्वचा भेदली जाते. इंग्लंडमधील एक्झिटर येथील टॅलबट यांच्या गटाने २००६ मध्ये सिद्ध केले की, त्यापूर्वी मूळ बीजाणू स्वतःच्या स्वभक्षणाने मरावा लागतो. त्यासाठीचे जनुक काढून टाकले की बुरशी भाताला रोग लावू शकत नाही. जी प्रक्रिया यजमानाची ढाल म्हणून शिकवली जाते, ती येथे आक्रमकाच्या हातातील पहार आहे. तेव्हा ही प्रक्रिया सरसकट वाढवणारा किंवा थोपवणारा उपाय शेतात सुचवणे धोक्याचे होय. भातात एटीजी-७ जनुक निकामी केल्यास परागकण पक्व होत नाहीत व झाड वांझ राहते, हे जपानमधील २०१४ च्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

नत्राच्या बाबतीतही अशीच घाई संभवते. नत्राच्या तुटवड्यात स्वभक्षण वाढते आणि युरिया जास्त झाला की करपा बळावतो. हे दोन दुवे जुळवणे आकर्षक असले तरी जादा नत्राने पाने लुसलुशीत होतात व त्यांतील सिलिकाही घटते, हे साधे कारण आधी विचारात घ्यावे लागते. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी प्रसारित केलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत तुसाची राख मिसळतात आणि लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध युरियायुक्त ब्रिकेट खोचतात. राखेतील सिलिका पानाची त्वचा कणखर करते, म्हणजे बुरशीच्या घुमटाला पहिल्याच टप्प्यावर अडसर होतो. भाताच्या पेशीतील स्वभक्षणाची वेळ त्यानंतरची आहे.