तबकडी, लेबल आणि आमचा डीजे

तबकडीचा आवाज अस्सल आणि मोबाइलमधला नकली, असे संग्राहक मंडळी ठासून सांगतात. मला ते पटत नाही. लाखेच्या ७८ गतीच्या तबकडीवर पोलादी सुई अक्षरशः घासत जाते, दर वादनागणिक खाचा झिजतात. जुन्या बाजारात हाती येते ती अशी झिजलेली प्रत. नुसते ऐकायचे तर डिजिटलच बरे.

तबकडीचे खरे मोल तिच्या लेबलात आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने तीनेक मिनिटांचे गाणे संपवताना स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना गायिका कळावी, ही त्यामागची सोय. लेबलावर नावाबरोबर क्रमांकही असे. आज तुळजापूरच्या देवीची गोंधळगीते मोबाइलवर 'नॉनस्टॉप' नावाने फिरतात. गायले कोण, संबळ कोणाचा, साल कुठले? अशा फायलींवरून धाराशिवच्या गोंधळ्यांचा इतिहास लिहायचा कसा?

गाणाऱ्याचे झाले तेच लावणाऱ्याचेही. डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या निवडून वाजवणारा माणूस. आमच्याकडे मात्र स्पीकरच्या भिंतीलाच डीजे म्हणतात! कर्णा बांधणारा पूर्वीचा लाऊडस्पीकरवाला दर तीन मिनिटांनी तबकडी बदलायला उठे. उठला की मांडवाकडे बघे. वरात आली, पंगत बसली, मुलगी निघाली; गाणे त्यावर ठरे. आता यादी आदल्या रात्रीच पेनड्राइव्हमध्ये भरलेली असते.