‘श्यामची आई’ आणि घरांतील वाचन

मुलानें एखादें पान न अडखळतां वाचून दाखविलें कीं, घरांतील वडील मंडळी तृप्त होतात. आम्हीही असेच तृप्त झालों होतों. आमच्या आठ वर्षांच्या नातीनें साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘थोर अश्रू’ हें प्रकरण घडाघडा वाचलें. तात्पर्य विचारतांच, पायांप्रमाणें मनही स्वच्छ ठेवावें, असें उत्तरही तिनें दिलें. मग आम्हीं सहज विचारलें, “न्हाऊन झाल्यावर श्यामनें ओले पाय कशावर ठेवले?” ती गप्प झाली. पुस्तकांत ‘ओचे’ हा शब्द होता. तिनें तो स्पष्ट उच्चारला होता. परंतु आईनें नेमकें काय पसरलें, हें चित्र तिच्यापुढें उभेंच राहिलें नव्हतें.

फिलिप गॉफ व विल्यम टनमर या दोघांनीं १९८६ मध्यें असें मांडलें कीं, वाचनाचें आकलन हा अक्षरें उलगडण्याची शक्ति आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय. एक अंक शून्य असला कीं सारेंच शून्य! आमच्या घरीं आतां नऊवारी कोणी नेसत नाहीं. शेवटीं पेटींतील एक जुनें लुगडें काढून सौभाग्यवतींनीं पुढच्या निऱ्यांचा घोळ तिला दाखविला. “म्हणजे अंगावरचेंच पसरलें?” नात उद्गारली. तो प्रसंग तिला त्या क्षणीं कळला.

येथें पुस्तकाविषयीं एक तक्रार नोंदविणें भाग आहे. या प्रकरणांत बोध आईच्याच तोंडून येतो. त्यामुळें प्रसंग न समजतांही मुलाला तो पाठ म्हणतां येतो. आणि पुस्तकांत अश्रूही अंमळ अधिक आहेत. आमच्या मते घरीं वाचावयास ‘श्यामचें पोहणें’ हें प्रकरण अधिक मोलाचें आहे. भ्यालेला श्याम लपून बसतो आणि एरव्हीं मायाळू असलेली आई त्याला फटके मारून पोहावयास धाडते. याचें कारण बरेंच पुढें येतें. तोंवर मुलाला दोन विरुद्ध गोष्टी मनांत धराव्या लागतात. नेमकें तेथेंच पुस्तक मिटावें, आणि आईनें असें कां केलें असेल, हें मुलाला त्याच्या शब्दांत सांगूं द्यावें. आम्हां प्राध्यापकांना हा धीर कठीण जातो. वर्गांत सारांश उतरवून देण्यांत आमचीं कित्येक वर्षें गेलीं आहेत.

वस्तुतः मार्ग ग्रंथाच्या रचनेंतच आहे. १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९३५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाच्या बेचाळीस ‘रात्री’ आहेत. श्याम आश्रमांतील सोबत्यांना एका रात्रीं एक आठवण सांगतो. ऐकणारे मध्येंच बोलतात, विचारतात. आपण मात्र एका बैठकींत चार प्रकरणें उरकून पोराची पाठ थोपटतों!

परवां आम्हीं पोहण्याचें प्रकरण अर्ध्यावर थांबविलें. नातीनें बराच वेळ विचार केला आणि विचारलें, “आजोबा, तो बुडेल अशी भीति आईला नसेल का वाटली?” आम्हांस चटकन् उत्तर सुचेना. दोघांनीं मिळून मागचीं दोन पानें पुन्हा उलटलीं. त्या रात्रीं वाचन तेवढेंच झालें.