चाल कुणाच्या बापाची?

गाणं कुठून येतं, हा प्रश्न तत्त्वज्ञाला विचारला तर तो डोळे मिटतो, गवयाला विचारला तर तो गुरूचं नाव घेऊन कानाची पाळी धरतो, आणि अमेरिकेतल्या वकिलाला विचारला तर तो आधी फी सांगतो.

बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीला ‘येस्टरडे’ची चाल झोपेत सुचली. (आम्हांला झोपेत न जुळलेली कॅश दिसते.) पण गृहस्थ सावध. इतकी सोपी चाल आपली कशी असेल, या शंकेने तो भेटेल त्याला ऐकवून विचारत सुटला, “ओळखीची वाटते का हो?” सापडलेली छत्री घेऊन माणसाने सगळी चाळ पालथी घालावी, तसा! शब्द नव्हते तेव्हा तात्पुरते अंडाभुर्जीचे घातले. १९६५ साली रेकॉर्ड झाली तेव्हा भुर्जी जाऊन विरह आला.

त्याचाच जोडीदार जॉर्ज हॅरिसन एवढ्या चौकशीत पडला नाही. १९७० साली त्याचं ‘माय स्वीट लॉर्ड’ आलं. मला विचाराल तर फुटल्यानंतर चौघांनी जे जे केलं, त्यात इतकं मनापासूनचं दुसरं नाही. मागचा कोरस ‘हालेलुया’ म्हणता म्हणता कधी ‘हरे कृष्ण’वर येतो, ते कळतही नाही.

आणि नोटीस आली. १९६३ साली शिफॉन्स नावाच्या मुलींच्या ताफ्याने ‘ही इज सो फाइन’ गायलं होतं. म्हणे चाल तीच! १९७६ साली न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन (हे स्वतः ऑपेरा रचणारे) यांनी निकाल दिला : चोरी झाली, पण जाणूनबुजून नव्हे, अंतर्मनाकडून. म्हणजे हात धुतलेले, मन मात्र रंगेहाथ सापडलेलं.

मुद्देमाल काय, तर दोन तुकडे. आपल्या भाषेत ‘प ग रे’ आणि ‘प ध सां ध सां’. पेटीवाल्याचं बोट आपोआप भूपाकडे जाईल! एवढ्यावर खटले भरायचे तर आमचे निम्मे गवय आत जातील. अर्थात न्यायमूर्ती अगदीच चुकले असंही नाही. पहिला तुकडा चारदा, मग दुसरा, तोही पुन्हा पुन्हा, नि त्याच क्रमाने, हा योगायोग मलाही पचत नाही. फरक पडतो तो पुढे. तिकडे मुलगी मुलावर भाळते आणि दोनेक मिनिटांत सगळं आटपतं. इकडे तीच चाल साडेचार मिनिटं भजनासारखी घोळते आणि घोळता घोळता तिचं पोरपण गळून जातं. मुखडा उसना असेल, आळवणी जॉर्जची. कोर्टाने मात्र अपूर्णांक काढला : यशात पाऊण वाटा चालीचा, पाव वाटा शब्दांचा नि जॉर्जच्या नावलौकिकाचा. आळवणीचं खातंच उघडलं नाही! आमच्या संगीत नाटकवाल्यांचं बरं होतं. पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलं की उसनवारी नोंदली गेली, मिटलं.

खरी गंमत हिशेबात आहे. जॉर्जचा जुना मॅनेजर ॲलन क्लाइन पूर्वी याच भांडणात जॉर्जच्या बाजूने तडजोडीची बोलणी करत होता. त्यानेच १९७८ साली ‘ही इज सो फाइन’चे हक्क ५,८७,००० डॉलरला विकत घेतले. मालकाचा मुनीमच फिर्यादी! पाऊण वाटा सुमारे १६ लाख डॉलर भरत होता. पण १९८१ साली कोर्टाने क्लाइनला सुनावलं : जेवढ्याला घेतलंस तेवढ्यालाच जॉर्जला दे, नफ्याची पै मिळणार नाही. कज्जेदलालीवर इतकं नेटकं ऑडिट मी दुसरं पाहिलेलं नाही.

मूळ चाल रचणारा रॉनी मॅक यातलं काहीच पाहायला नव्हता. गाणं गाजलं त्याच वर्षी तो वारला. आणि शिफॉन्स? त्यांनी निकालाच्या आदल्याच वर्षी ‘माय स्वीट लॉर्ड’ची स्वतःची रेकॉर्ड काढली. चाल पाठच असणार.