आइस्क्रीम, दूध वजा जाता

मराठी भाषेत 'कृती' दोन प्रकारच्या असतात. एक साहित्यकृती आणि दुसरी पाककृती. साहित्यकृतीत साहित्य आहे की नाही यावर टीकाकारांचे वर्षानुवर्षं वाद चालतात. पाककृतीत ती भानगड नाही. तिथे पहिल्याच ओळीत 'साहित्य' असं ठळक लिहून पुढे दोन ठिपके दिलेले असतात. असं असूनही छापील समीक्षा होते ती पहिल्या प्रकाराचीच. दुसऱ्या प्रकाराची समीक्षा घरोघर दिवसातून दोनदा होते खरी, पण ती तोंडी असते आणि बहुधा ताटावरून उठायच्या आत मागे घ्यावी लागते.

ही उणीव थोडीफार भरून काढावी असा माझा विचार आहे. माझा अधिकार विचाराल, तर मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. वाङ्मयाशी संबंध एवढाच, की कर्जासाठी येणारे अर्ज मी गेली वीस वर्षं वाचतो आहे, आणि 'उत्पन्नाचा तपशील' या रकान्यात जी प्रतिभा दिसते ती मला कादंबऱ्यांतसुद्धा क्वचित आढळली. विषय मी मुद्दाम लहान निवडला आहे : घरच्या घरी करायचं बिनदुधाचं आइस्क्रीम.

या वाङ्मयप्रकाराकडे मी वळलो तो माझ्या भाचीमुळे. ताईची ही मुलगी सात वर्षांची. तिला दूध चालत नाही. 'चालत नाही' याचे दोन अर्थ आहेत आणि लोक ते एकाच खात्यात टाकतात. पुष्कळांना दूध पचत नाही. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती पचवायला लागणारं द्रव्य मोठेपणी शरीरात कमी होतं, आणि मग पोट तक्रार करतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश मोठ्या माणसांची थोडीफार हीच गत आहे. म्हणजे शिल्लक कमी, चेक मोठा, एवढाच मामला. भाचीचं तसं नाही. तिला दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे. चमचाभर पोटात गेलं तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वास लागला तर दवाखाना गाठावा लागतो. इथे शिल्लक वगैरे काही नाही, थेट खातंच गोठवलं जातं.

आता सात वर्षांच्या मुलीचं सामाजिक जीवन म्हणजे मुख्यतः वाढदिवस. तिथे केक येतो, आइस्क्रीमचे कप येतात आणि यजमानीणबाई प्रेमाने म्हणतात, "तुला सरबत देऊ हं!" मग ही सरबताचा पेला हातात धरून बाकीच्या पोरांचे कप चाटूनपुसून साफ होताना बघत बसते. रडत नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा मी कृती जमवायला सुरुवात केली. कॅलेंडरांच्या मागच्या बाजू, रविवारच्या पुरवण्या, आमच्या सौ.ची तेलकट वही, मोबाइलवरच्या बायका. चाळीसेक कृती झाल्या. मग संध्याकाळी चष्मा लावून, व्हाउचर तपासावं तशी एकेक तपासली.

पहिल्याच फेरीत आठ-नऊ बाद झाल्या. एकीचं शीर्षक 'दुधाशिवाय झटपट आइस्क्रीम'. खाली साहित्य : कंडेन्स्ड मिल्क एक डबा, दूध पावडर तीन चमचे, फ्रेश क्रीम एक कप. या लेखिकेच्या मते दूध म्हणजे जे सकाळी पिशवीतून येतं आणि उतू जातं ते. डब्यातलं दूध हे दूध नव्हे, तो किराणा! असल्या विधानाला साहित्यात आपण 'विसंगती' म्हणून सोडून देतो. इथे मात्र त्या विसंगतीने एक पोरगी दवाखान्यात जाऊ शकते, तेव्हा सोडून देता येत नाही.

बाजारातही हीच गफलत आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे नुसतं 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायचं तर त्यात दुधातला स्निग्धांश किमान १० टक्के लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरलं की त्याला 'फ्रोजन डेझर्ट' म्हणावं लागतं. २०१७ मध्ये यातल्या वनस्पती तेलाच्या जाहिरातीवरून दोन बड्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या, तेव्हा आमच्या कॅन्टीनमधल्या प्रत्येकाला वाटायला लागलं, की फ्रोजन डेझर्ट म्हणजे दुधाचा थेंब नसलेला पदार्थ. तसं मुळीच नाही. तूप गेलं, तेल आलं, पण दुधाची पावडर बहुतेक वेळा जागच्या जागी असते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात लिहिलेलं वाचावं, हे आम्ही बँकवाले सांगतो तेव्हा कोणी ऐकत नाही.

उरलेल्या तीसेक कृती प्रामाणिक आहेत. पण त्यांतल्या बहुतेकींचा दोष असा, की दूध काढून टाकताना ते तिथे काय करत होतं याची चौकशीच केलेली नाही. ऑफिसात एखादा माणूस लांबच्या रजेवर गेला, की त्याच्या टेबलावर कोणाला बसवायचं हे ठरवण्याआधी तो नेमकं काय काम करत होता हे शोधावं लागतं. (कधी कधी काहीच सापडत नाही, ते सोडा.) दूध बरंच काम करतं. त्यात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि नुसतं पाणी गोठलं तर दगड होतो. पण दुधातला स्निग्धांश बर्फाच्या कणांच्या अधेमधे जाऊन बसतो, प्रथिनं तो धरून ठेवतात आणि घुसळताना शिरलेली हवाही धरतात. साखर आणखी एक काम करते. ती सगळं पाणी गोठूच देत नाही, म्हणून चमचा आत जातो. तेव्हा 'साखर चवीनुसार' असं लिहिणारी कृती मी नापास करतो. साखर चवीनुसार नाही, चमच्यानुसार! शिवाय गार जिभेला गोडी कमी लागते, म्हणून मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड लागायला हवं.

अधूनमधून 'जी.एम.एस. पावडर' आणि 'सी.एम.सी. पावडर' भेटतात. नावं हेड ऑफिसच्या परिपत्रकातली वाटतात, पण आपल्याकडे कित्येक घरांतल्या आइस्क्रीमची भिस्त यांच्यावरच असायची. एक तेल-पाणी एकत्र ठेवते, दुसरी पाणी दाट करते. दोघी निरुपद्रवी. पाव चमच्याच्या पुढे गेलात तर मात्र पोस्टातल्या डिंकाची आठवण येते.

आता घराणी. केळी घराण्याची कृती सगळ्यांत छोटी : चांगली काळे ठिपके पडलेली केळी कापून फ्रीझरमध्ये टाका, दगड झाली की मिक्सरमधून काढा. आणि गंमत म्हणजे खरोखरच मऊसूत मलईसारखं होतं. केळ्यातल्या गराची ती करामत. मुलांना आवडतं, खर्च नाही, कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण केळं हा फार जुना युनियन लीडर आहे. तुम्ही कोको घाला, स्ट्रॉबेरी घाला, आंबा घाला, पहिलं भाषण त्याचंच. वर 'चॉकलेट आइस्क्रीम' असा फलक असला तरी आत शिकरणाचीच सभा चालू असते.

काजू घराणं जास्त खानदानी. काजू चार-पाच तास भिजवायचे, गंधासारखे वाटायचे, साखर आणि पाणी घालून गोठवायचे. दुधाची नक्कल काजूइतकी बेमालूम कोणालाच साधत नाही. पण मिक्सरच्या भांड्यात काजू पडताना मला मुदतठेव मुदतीआधी मोडल्याचा आवाज येतो. शिवाय काही मुलांना काजूचीही ॲलर्जी असते, तेव्हा पाहुण्यांच्या आईला विचारल्याशिवाय हे करू नये. सोयाबीनच्या दुधाचं आइस्क्रीमही एकदा खाल्लं. सोयाबीनबद्दल माझी काही तक्रार नाही.

या सगळ्या कृतींच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं. "हुबेहूब दुधासारखं! पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही!" माझा खरा आक्षेप या वाक्याला आहे.

'हुबेहूब' हा शब्द ऐकला की आम्ही कारकून मंडळी सावध होतो. खातेदाराची सही कधीच हुबेहूब नसते. सकाळची वेगळी, जेवणानंतरची वेगळी. हुबेहूब असते ती दुसऱ्याने केलेली सही. दोनशेच्या नोटेसारखी दिसणारी वस्तू कितीही सुबक असली, तरी ती दोनशेची नसते. तीच शंभराची अस्सल नोट निमूटपणे शंभराला चालते. मग बिनदुधाच्या आइस्क्रीमने जन्मभर दुधाची सही गिरवत का बसावं? तसं केलं की ते नेहमीच दोन गुणांनी कमी पडणार आणि खाणारा म्हणणार, "दुधाचं नसून बरं आहे हो!" मुलगी पांगळी असून हुशार आहे, असं म्हणतात ना, त्या सुरात.

शिवाय पाहुण्यांना कळलंच पाहिजे. माझ्या भाचीच्या दृष्टीने तर पदार्थात काय आहे आणि काय नाही हे दुरून ओळखू येणं यातच सगळी सुरक्षितता आहे. जे बिनदुधाचं इतकं दुधासारखं लागतं, त्याच्या शेजारी उद्या खरोखर दुधाचा कप आला तर त्या पोरीने तो ओळखायचा कसा?

म्हणून माझं मत नारळाच्या पारड्यात पडलं. आमची सासुरवाडी मालवणकडची. मी पडलो साताऱ्याचा. गोड पदार्थ म्हटला की म्हशीकडे बघायची आमची परंपरा. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा सासूबाईंनी शिरवळ्या केल्या होत्या. तांदळाच्या वाफाळत्या शेवया, आणि त्या बुडवायला वाटीत 'रस'. म्हणजे नारळाचं दूध, गूळ, वेलची. त्या रसाला कोणी 'हुबेहूब बासुंदीसारखा' म्हणत नव्हतं. तसं म्हणायचं धाडस त्या स्वयंपाकघरात कोणी केलं असतं असंही वाटत नाही. चाळीस कृती तपासून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं, की गोठवायचा असेल तर हाच गोठवावा.

कृती अशी. दोन मोठे नारळ खवून कोमट पाण्यात वाटून पहिलं जाड दूध काढावं, दोन-अडीच वाट्या. ते बाजूला ठेवावं, त्याला आच दाखवू नये, फुटतं. चोथ्यात पाणी घालून दुसरं, पातळ दूध वाटीभर काढावं. त्यात पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे आरारूट आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ढवळत दाट करावं. आरारूट पाण्याला आवरून धरतं. गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं, त्यामुळे तो नुसत्या साखरेपेक्षा जास्त मऊपणा ठेवतो. पूर्ण गार झाल्यावर गाळून जाड दुधात मिसळावं, वेलची घालावी. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून हे मिश्रण फ्रीझरमध्ये झकास आळतं आणि जिभेवर पटकन विरघळतं. पसरट डब्यात गोठवत ठेवून दर पाऊण तासाने काट्याने खरवडावं, तीन-चार वेळा, म्हणजे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत.

माळ्यावर लाकडी पॉट असेल तर प्रश्नच मिटला. हे हाताने फिरवायचं यंत्र नॅन्सी जॉन्सन नावाच्या अमेरिकन बाईंनी १८४३ मध्ये पेटंट करून घेतलं. चार भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घातलं, की मीठ बर्फाला वितळायला लावतं आणि त्या भानगडीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. फिरवायला पोरं लावावीत. हवा आपोआप शिरते, पोरं आपोआप दमतात. पॉटचं भांडं, मिक्सर आणि चमचे मात्र आधी साबणाने खसखसून धुवावेत. कालच्या मिल्कशेकचा अंशसुद्धा राहता कामा नये, असं भाचीच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं आहे.

मे महिन्यात सगळी भावंडं आमच्याकडे जमली तेव्हा आम्ही पॉट काढला. रंग तपकिरी, वास गुळाचा, वेगळा कप कोणालाच नाही. "हे कुठलं आइस्क्रीम?" असं एका भाच्याने विचारल्यावर साहित्य पाठ म्हणून दाखवायचं काम भाचीने स्वतःकडे घेतलं. नारळ, गूळ, आरारूट, वेलची, मीठ. प्रत्येक नव्या पाहुण्याला तिने ते पहिल्यापासून ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवता स्वतः तीन वाट्या संपवल्या.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जावईबापू, रस बरा झालाय. शिरवळ्या कधी वाढणार?"